किल्ला वर, लढाई खाली: स्टर्लिंगची गोष्ट

१२९६ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड मोठं लष्कर घेऊन स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या किल्ल्यापाशी पोचला तेव्हा वर लढायला कोणीच नव्हतं. शिबंदी आधीच पळालेली. एक दरवान तेवढा मागे थांबला होता, चाव्या द्यायला. एवढा उंच कडा, एवढी तटबंदी, आणि किल्ला पडला तो असा, चावीच्या खुळखुळाटात.

आता हे ऐकून वाटेल की फालतू किल्ला असेल. तसं अजिबात नाही. पुढच्या शेहेचाळीस वर्षांत याच किल्ल्यासाठी दोन राज्यांनी एकमेकांचं रक्त काढलं आणि १२९६ ते १३४२ या काळात तो आठ वेळा या हातातून त्या हातात गेला. पण गंमत बघा, त्या आठही वेळी तटावर शिड्या लावून, भिंत चढून, तलवारी उपसून कोणी किल्ला घेतलाय असं एकदाही झालं नाही. कधी आतल्यांचं खाणं संपलं, कधी खाली मैदानात लढाई हरली म्हणून वर दरवाजा उघडावा लागला, कधी नुसता करार झाला. म्हणजे किल्ला वर आणि त्याचं नशीब ठरायचं खाली. हे एकदा डोक्यात बसलं ना, की स्टर्लिंगचाच काय, मध्ययुगातल्या बऱ्याच किल्ल्यांचा इतिहास सोपा वाटायला लागतो, नाहीतर नुसती सनावळी आणि एकाच नावाचे सहा राजे, डोकं फिरतं.

आधी नकाशा. स्कॉटलंड मध्यभागी कमरेसारखा बारीक होतो. पूर्वेकडून फोर्थ नदीची खाडी आत घुसते, पश्चिमेकडून क्लाइड. फोर्थची खाडी पूर्वेला इतकी रुंद की त्या काळी सैन्य घेऊन ओलांडणं विसराच. पश्चिमेला जावं तर फ्लँडर्स मॉस नावाची मैलोनमैल पसरलेली दलदल, वरून गवत दिसतं आणि पाय टाकला की घोड्यासकट आत. मग उत्तरेला जायचं कुठून? तर मध्ये एक अरुंद जागा आहे जिथे नदी पूल बांधण्याइतकी लहान होते, तिथे पूल होता, आणि त्या पुलावर नजर ठेवून बसलेला खडक म्हणजे स्टर्लिंग. दक्षिणेकडची सपाट सुपीक जमीन आणि उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख, दोघांना जोडणारा हा एकच धडाचा रस्ता. किल्ला ज्याच्याकडे त्याच्या हातात रस्त्याचा टोलनाका म्हणा हवं तर, फक्त टोल पैशात नव्हता.

खडकाचंही एक ऐका. साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालच्या थरांमध्ये लाव्हारस घुसला आणि तिथेच थंड होऊन घट्ट झाला, वर येऊन ज्वालामुखीसारखा फुटला वगैरे नाही. नंतर हिमयुगात पश्चिमेकडून बर्फाचे प्रचंड थर सरकत आले, त्यांनी आजूबाजूचा मऊ दगड खरवडून नेला, हा कठीण खडक मात्र तसाच उभा राहिला आणि त्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला, मऊ दगडाचा उतार शेपटीसारखा शिल्लक राहिला. म्हणून पश्चिमेला सरळ तुटलेला कडा आणि पूर्वेला हळूहळू उतरत जाणारी सोंड, जिच्यावर जुनं गाव वसलंय. किल्ल्यावर यायचं तर गावातूनच, त्या सोंडेवरून, दुसरी सोय नाही. त्यामुळे दरवाजे, बुरूज, तोफा जे काय आहे ते सगळं त्या एका बाजूला दाटलेलं दिसतं.

लिखित इतिहास सुरू होतो तो १११० च्या आसपास, जेव्हा पहिल्या अलेक्झांडर राजाने इथे एक चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, बांधवलं. १२ व्या शतकात राजे इथे राहायचे, इथेच मरायचे. अलेक्झांडर ११२४ मध्ये इथेच गेला. आणि तेव्हाच एक भानगड सुरू झाली जी पुढे दोनशे वर्षं पुरली. ११७४ मध्ये विल्यम नावाचा स्कॉटिश राजा इंग्लंडवर चालून गेला आणि पकडला गेला, सुटकेसाठी त्याला फालेझचा तह करावा लागला, त्यात इंग्लंडच्या राजाला आपला धनी मानायचं आणि पाच किल्ले तारण द्यायचे असं ठरलं, त्या पाचात स्टर्लिंग होता. पुढे ११८९ मध्ये इंग्लंडच्या रिचर्डला धर्मयुद्धावर जायला पैसे हवे होते, त्याने १०,००० मार्क (तेव्हाचं पैसे मोजायचं माप) घेऊन हे सगळं सोडून दिलं. रोख व्यवहार! पण एकदा 'मी तुमचा धनी' हे कागदावर आलं होतं ना, ते इंग्लंडच्या दरबारात कोणी विसरलं नाही.

आणि मग आला १२८६. तिसरा अलेक्झांडर रात्री वादळात बायकोकडे निघाला होता, वाटेत घोड्यावरून पडून मेला. मुलं आधीच वारलेली. वारस कोण तर नॉर्वेतली छोटी नात, मार्गरेट, तीसुद्धा १२९० मध्ये येताना वाटेतच गेली. आता गादी रिकामी आणि हक्क सांगणारे डझनभराहून जास्त. स्कॉटिश सरदारांनी विचार केला की आपसात कापाकापी नको, शेजारचा एडवर्ड कायद्याचा जाणकार आहे, त्याला पंच नेमू. एडवर्ड म्हणाला करतो की, पण आधी मला धनी माना. झालं. १२९२ मध्ये त्याने जॉन बॅलिओलला गादी दिली, हक्काच्या हिशोबाने निवाडा चुकीचा नव्हता असं बरेच इतिहासकार मानतात, पण नंतर त्या बिचाऱ्या राजाला नोकरासारखं वागवलं, १२९५ मध्ये स्कॉटिश सरदारांनी कंटाळून फ्रान्सशी दोस्ती केली, आणि १२९६ मध्ये एडवर्ड फौज घेऊन आत घुसला. तिथून तो आपला दरवान आणि त्याच्या चाव्या.

पुढच्याच वर्षी पुलावरची लढाई. ११ सप्टेंबर १२९७. उत्तरेच्या बाजूला ॲबी क्रेग नावाच्या टेकडीपाशी इंग्रजांविरुद्ध उठलेले विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे थांबलेले (वॉलेसचं नाव सगळ्यांना माहीत, मरेचं कोणाला नाही, खरं तर उत्तरेतला उठाव त्याने उभा केला होता, या लढाईत जखमी झाला आणि काही काळाने गेला, म्हणून मागे पडला). दक्षिणेला इंग्रजांची फौज, सेनापती सरेचा अर्ल, अर्ल म्हणजे बडा जहागीरदार. मध्ये लाकडी पूल, एका वेळी जेमतेम दोन घोडेस्वार जातील एवढा. सकाळी काही सैन्य पलीकडे गेलंसुद्धा, पण परत बोलावलं, का तर सेनापती साहेब अजून झोपेतून उठले नव्हते. मी बनवून सांगत नाहीये, त्या काळच्या इतिवृत्तात आहे. मग रिचर्ड लंडी नावाच्या एका सरदाराने सुचवलं की जवळच नदी पायी ओलांडता येते, तिथून साठ-साठ जण एकदम जातील, मला थोडी माणसं द्या, मी मागून वळसा घालून येतो. खजिनदार क्रेसिंगहॅम म्हणाला नको, वेळ जातोय, पैसे जातायत, सरळ पुलावरून चला. वॉलेस आणि मरेने शांतपणे वाट बघितली, झेपेल तेवढेच शत्रू पलीकडे येऊ दिले, आणि मग पुलाचं तोंड दाबलं. जे आले होते ते कापले गेले, जे मागे होते ते नुसते बघत राहिले. क्रेसिंगहॅम मेला आणि त्याची कातडी सोलली गेली. वर किल्ल्यात इंग्रजांची शिबंदी होती, ती काय करणार, खालचं सैन्य गेल्यावर रसद कुठून येणार, थोड्या दिवसांत उपाशीपोटी शरण आली.

१२९८ ला फॉल्कर्कला वॉलेस हरला, किल्ला परत इंग्रजांकडे. १२९९ च्या अखेरीस पुन्हा वेढा, पुन्हा उपासमार, पुन्हा स्कॉटिशांकडे. हे दोन पटकन सांगून पुढे जातो कारण १३०४ वर मला जास्त बोलायचंय.

१३०४ मध्ये जवळपास सगळं स्कॉटलंड एडवर्डपुढे झुकलं होतं, उरला होता हा एक किल्ला आणि त्यात विल्यम ऑलिफंट नावाचा किल्लेदार, सोबत थोडीशीच माणसं, मोजून काही डझन. ऑलिफंटने निरोप पाठवला की किल्ला ज्यांनी माझ्या हवाली केला ते सोल्स साहेब फ्रान्सला आहेत, त्यांना विचारून येतो, परवानगी मिळाली तर देतो. हे आपल्याला विनोदी वाटतं पण तेव्हाच्या रीतीत ते बरोबर होतं, किल्लेदार हा मालक नसतो, त्याच्याकडे किल्ला ठेव म्हणून असतो, मालकाच्या परवानगीशिवाय दिला तर तो गद्दार. एडवर्डने ऐकलं नाही.

एप्रिलमध्ये वेढा सुरू झाला. डझनभर दगडफेकी यंत्रं आणली. ही यंत्रं म्हणजे राक्षसी गोफणी समजा, लांब दांड्याच्या एका टोकाला गोफणीत दगड, दुसऱ्या टोकाला भलंमोठं वजन, वजन खाली सोडलं की दांडा गर्रकन फिरतो आणि दगड किल्ल्यावर. वजनासाठी शिसं लागतं, ते कुठून आणायचं? तर आजूबाजूच्या चर्चच्या छपरावरचं शिसं उतरवलं, धर्मनिष्ठ राजा असल्यामुळे वेदीवरचा भाग तेवढा उघडा पाडू नका अशी ताकीद दिली होती म्हणे. गंधक आणि सोरा मागवून आगीचे गोळे करून फेकले. दरबारातल्या बायकांना ही मजा बघता यावी म्हणून गावातल्या घराला खास सज्जा काढून दिला. आणि एवढं करून दोन-अडीच महिने काही होईना! तेव्हा पासष्टीला टेकलेल्या राजाने पाच मुख्य सुतार आणि पन्नासेक मजूर लावून एक सगळ्यात मोठं यंत्र बांधायला घेतलं, नाव 'वॉरवुल्फ', लढाईचा लांडगा.

जुलैत आतल्यांचं अन्न संपलं आणि ते म्हणाले शरण येतो. इथे कोणीही शहाणा माणूस म्हणेल, ठीक, या. एडवर्ड म्हणाला थांबा, वॉरवुल्फ आत्ताच तयार झालाय, तो आधी चालवून बघायचाय, तोवर आतच बसा आणि जमेल तसा जीव वाचवा. म्हणजे किल्ला मिळाला होता, पण नवीन खेळणं वापरायचं राहिलं होतं. चारेक दिवसांनी, २४ जुलैला, शरणागती मान्य केली. फासावर देतो, आतडी काढतो अशा धमक्या दिल्या होत्या, शेवटी बहुतेकांना तुरुंगात टाकलं, ऑलिफंटला लंडन टॉवरमध्ये. युरोपातली तेव्हाची सगळ्यात जबरदस्त यंत्रं लावूनसुद्धा निकाल लावला तो रिकाम्या कोठाराने, हे लक्षात घ्या.

आता १३१४. एडवर्ड मेलेला, त्याचा मुलगा दुसरा एडवर्ड गादीवर, आणि स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस. ब्रूसची पद्धत वेगळी होती आणि मला ती फार आवडते, तो किल्ले घ्यायचा आणि पाडून टाकायचा. रॉक्सबरा पाडला, एडिनबर्ग पाडला. कारण साधं आहे, त्याच्याकडे किल्ल्याकिल्ल्यात ठेवायला माणसं नव्हती, आणि किल्ला शाबूत राहिला की इंग्रज परत येऊन त्यात बसणार. मोठं सैन्य येतं आणि जातं, पण किल्ल्यातली पन्नास माणसं मुलूख दाबून ठेवतात. तर किल्लाच ठेवायचा नाही.

स्टर्लिंगला मात्र त्याच्या भावाने, एडवर्ड ब्रूसने, वेढा घालता घालता कंटाळून किल्लेदार फिलिप मोब्रेशी करार केला की २४ जून १३१४ पर्यंत इंग्रज सैन्य सुटकेला आलं नाही तर किल्ला द्यायचा. हे मध्ययुगात नेहमीचं होतं, दोघांचं भलं, आतल्यांची उपासमार टळते, बाहेरच्यांचा पावसात बसण्याचा ताप वाचतो. पण रॉबर्ट ब्रूसच्या दृष्टीने भावाने घोळ घातला, कारण आता इंग्लंडच्या राजाला इज्जतीसाठी यावंच लागणार, आणि ब्रूस वर्षानुवर्षं नेमकी हीच गोष्ट टाळत आला होता, समोरासमोरची मोठी लढाई.

आले. किमान दुप्पट सैन्य घेऊन आले. २३ जूनला हेन्री द बोहन नावाच्या तरुण इंग्रज सरदाराने एकट्या उभ्या असलेल्या ब्रूसला ओळखलं आणि भाला रोखून घोडा सोडला, ब्रूस छोट्या घोड्यावर होता, शेवटच्या क्षणी बाजूला झाला आणि कुऱ्हाडीचा घाव त्याच्या डोक्यात घातला. सरदार ओरडले, एवढा धोका कशाला पत्करता म्हणून, तर म्हणे त्याला दुःख फक्त चांगली कुऱ्हाड मोडल्याचं झालं. त्याच दिवशी किल्लेदार मोब्रे बाहेर येऊन इंग्लंडच्या राजाला सांगून गेला होता की महाराज, तुम्ही किल्ल्याच्या जवळ पोचलात म्हणजे नियमाप्रमाणे सुटका झालीच, लढायची गरज नाही. ऐकलं कोणी नाही.

रात्री इंग्रजांनी तळ टाकला तो बॅनक ओढा आणि फोर्थ नदी यांच्या बेचक्यातल्या ओल्या जमिनीवर. सकाळी स्कॉटिश भालाईत दाट चौकोन करून पुढे सरकत आले, साळिंदराच्या काट्यांसारखे भाले बाहेर काढून, आणि इंग्रजांच्या घोडदळाला ना वळायला जागा ना पळायला. मागे ओढा, बाजूला नदी, खाली चिखल. दुसरा एडवर्ड मोजक्या लोकांसह कसाबसा निघाला आणि कुठे गेला? ज्या किल्ल्याला सोडवायला आला होता त्याच किल्ल्याच्या दारात. मोब्रे म्हणाला, महाराज आत घेतलं तर करारानुसार उद्या मला किल्ला द्यावा लागणार, तुमच्यासकट. राजा वळसा घालून डन्बारपर्यंत पळाला आणि तिथून बोटीने गेला. मोब्रेने शब्दाप्रमाणे किल्ला दिला आणि स्वतः ब्रूसकडे गेला. ब्रूसने किल्ला पाडला.

त्यामुळे आज तिकीट काढून आत जाणारे जे पर्यटक वॉलेस आणि ब्रूसच्या भिंती शोधत असतात त्यांना एक सांगायला हवं, त्या नाहीयेत. नंतर इंग्रज पुन्हा आले, त्यांनी डागडुजी केली, १३४२ मध्ये पुन्हा भुकेपोटीच किल्ला परत मिळाला, आणि आज उभं असलेल्यातलं सगळ्यात जुनं बांधकाम म्हणजे १३८० च्या सुमारासचा उत्तर दरवाजा. बाकीच्या बहुतेक मुख्य इमारती १५ व्या शतकाच्या शेवटापासून १६ व्या शतकाच्या शेवटापर्यंतच्या, म्हणजे स्ट्युअर्ट राजांच्या. प्रवेशापाशी ब्रूसचा पुतळा आहे खरा, पण तो ज्या किल्ल्यापुढे उभा आहे तो त्याने पाडलेल्या किल्ल्याच्या जागेवरचा आहे.

स्ट्युअर्ट राजांची नावं सगळी जेम्स, तेव्हा क्रमांक सांभाळा. दुसरा जेम्स, वय २१, त्याला डग्लस घराण्याची भीती वाटायची, आणि ती उगाच नव्हती, त्यांच्याकडे राजापेक्षा कमी बळ नव्हतं. फेब्रुवारी १४५२ मध्ये त्याने आठव्या अर्लला, विल्यम डग्लसला, अभयपत्र देऊन स्टर्लिंगला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर म्हणाला, तू दुसऱ्या दोन अर्लांशी जो एकीचा करार केलायस तो मोड. डग्लस म्हणाला नाही मोडत. राजाने स्वतः सुरा काढून मानेत खुपसला, मग दरबाऱ्यांनी हात साफ केले, शरीरावर २६ वार मोजले गेले म्हणतात, आणि प्रेत खिडकीतून खाली. महिन्याभराने मेलेल्याचा भाऊ आला, ते अभयपत्र घोड्याच्या शेपटीला बांधून गावातून फरफटवलं आणि गाव लुटून पेटवलं. किल्ला? किल्ल्याला ओरखडा नाही. मार नेहमीसारखा खालच्यांना. आणि संसदेने नंतर निकाल काय दिला तर डग्लसने मरण स्वतःच ओढवून घेतलं. राजाच्या बाजूचा निकाल कसा लिहावा याचा नमुना.

चौथा जेम्स वेगळा माणूस. वडिलांविरुद्धच्या बंडात त्याचं नाव पुढे केलं गेलं, वडील १४८८ मध्ये इथून जवळच सॉकीबर्नला मारले गेले, पोरगं पंधरा वर्षांचं, त्या अपराधाची टोचणी म्हणून तो कमरेला लोखंडी पट्टा घालायचा म्हणतात. पण मन मोकळं आणि हात सैल. १५०३ च्या सुमाराला ग्रेट हॉल पुरा केला, स्कॉटलंडमधला मध्ययुगातला सगळ्यात मोठा मेजवानीचा दिवाणखाना, पाच शेकोट्या, वर नुसत्या लाकडाचं अफाट छप्पर. त्याच्या दरबारात जॉन डेमियन नावाचा एक परदेशी किमयागार होता, सोनं बनवून देतो म्हणून राजाचे पैसे उडवत होता, सोनं काही बनेना, तेव्हा १५०७ मध्ये पक्ष्यांच्या पिसांचे पंख बांधून त्याने किल्ल्याच्या तटावरून उडी मारली, फ्रान्सपर्यंत उडत जातो म्हणून. खाली पडला आणि मांडीचं हाड मोडलं. कारण काय दिलं तर पंखात कोंबडीची पिसं घातली गेली, आणि कोंबडीचा ओढा उकिरड्याकडेच असणार! प्रोजेक्ट फसल्यावरचं इतकं सुंदर स्पष्टीकरण मी आजवर ऐकलं नाही.

१५१३ मध्ये हा जेम्स इंग्रजांशी लढताना फ्लॉडनच्या रणांगणात पडला. पाचव्या जेम्सने फ्रेंच राणीला शोभेल असा राजवाडा किल्ल्यातच बांधवला, १५३० च्या दशकाच्या शेवटी, बाहेरच्या भिंतींवर देव, सैतान, सैनिक आणि दाढीवाला खुद्द राजा यांचे पुतळे, आत छताला ओकच्या लाकडाचे मीटरभर रुंद कोरीव चेहरे, 'स्टर्लिंग हेड्स'. म्हणजे बघा, बाहेरून किल्ला पण आतून घर. पण राजाला त्यात राहायला मिळालं किती, १५४२ च्या डिसेंबरात तो गेला आणि सहा दिवसांची मुलगी राणी झाली, मेरी. इंग्लंडचा आठवा हेन्री तिला आपल्या मुलासाठी सून म्हणून मागत होता, तेव्हा आईने पोर उचलली आणि स्टर्लिंगला आणली, ९ सप्टेंबर १५४३ ला नऊ महिन्यांच्या बाळाचा राज्याभिषेक इथल्या चॅपलमध्ये झाला. फ्लॉडनच्या पराभवाला त्याच दिवशी बरोबर तीस वर्षं होत होती, असा मुहूर्त कोणी काढला कोण जाणे.

मेरीच्या मुलाचा, सहाव्या जेम्सचा, बाप्तिस्मा १५६६ मध्ये इथेच, फटाक्यांसकट, बाप डार्नली किल्ल्यात असूनही समारंभाला आला नाही यावरून संसाराची कल्पना येते. एप्रिल १५६७ मध्ये मेरीने लेकराला इथे शेवटचं बघितलं. जुलैत तिला गादी सोडायला लावली आणि तेरा महिन्यांच्या पोराला गावातल्या होली रूड चर्चमध्ये राजा केलं. पोर किल्ल्यातच वाढलं, जॉर्ज बुकॅनन नावाच्या अत्यंत विद्वान आणि अत्यंत कडक मास्तरांच्या हाताखाली. मोठा झाल्यावर १५९४ मध्ये त्याने स्वतःच्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी काही महिन्यांत नवीन चॅपल उभं केलं आणि जेवणात मासे वाढायला ग्रेट हॉलमध्ये अठरा फूट लांबीचं जहाज आणलं, डोलकाठ्या आणि तोफांसकट. पक्वान्नांचा रथ ओढायला सिंह आणायचा बेत होता, पाहुणे घाबरतील म्हणून शेवटी एका आफ्रिकन माणसाकडून तो ओढवला. त्या माणसाला काय वाटलं ते कोणी लिहून ठेवलं नाही.

१६०३ मध्ये हाच जेम्स इंग्लंडचाही राजा होऊन लंडनला गेला आणि नंतर एकदाच, १६१७ मध्ये, स्कॉटलंडला आला. दोन्ही राज्यांचा राजा एकच म्हटल्यावर पुलावर पहारा कोणाविरुद्ध ठेवायचा? राजघर गेलं, उरली लष्करी छावणी. १६५१ मध्ये, इंग्लंडमध्ये राजाला हटवणाऱ्या क्रॉमवेलच्या जनरल मंकने तोफा लावल्या, आतली शिबंदीच बंड करून उठली, शरण. १७४६ च्या जानेवारीत चार्ल्स स्ट्युअर्टने, जुन्या राजघराण्याच्या वंशजाने, वेढा घातला, त्याच्या इंजिनियरने तोफा अशा टेकडीवर मांडल्या की वरून किल्ल्यातल्या तोफांना त्या ताटात वाढल्यासारख्या दिसत होत्या, तास-दोन तासांत खेळ खलास. तो या किल्ल्याचा शेवटचा वेढा.

मग सैन्याने किल्ल्याचे हाल केले. ग्रेट हॉलचं लाकडी छप्पर काढलं, आत मजले आणि भिंती घालून बराकी केल्या. १७७७ मध्ये छतातला एक ओकचा चेहरा खाली पडला म्हणून सगळेच उतरवले, बरेच लोकांनी घरी नेले. १८८१ पासून आर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या रेजिमेंटचं ठाणं इथे होतं, म्युझियम अजून किल्ल्यातच आहे, आणि तिथे आपल्याकडच्या माणसाने थोडं थांबायला हरकत नाही, कारण या रेजिमेंटमध्ये जी ९३ वी हायलँडर्स सामील झाली तीच १८५७ मध्ये लखनौला लढली आणि डिसेंबरात कानपूरला येवल्याच्या तात्या टोपेंच्या फौजेसमोर उभी होती.

सैन्य १९६४ मध्ये गेलं. ग्रेट हॉल दुरुस्त व्हायला पस्तीस वर्षं लागली, १९९९ मध्ये उघडला तेव्हा त्याला जुन्या पुराव्यावरून फिकट सोनेरी चुन्याचा गिलावा दिला होता, आणि लोकांनी नाकं मुरडली, कारण आपल्या मनात किल्ला म्हणजे करडा, काळपट, शेवाळलेला असाच असतो, राजांना तो मैलभरावरून चमकायला हवा होता हे पचत नाही. २०११ मध्ये राजवाडाही रंगीत छतासकट उघडला.

आणि याच राजवाड्यात, राणीच्या खोलीतल्या लाकडी आच्छादनामागे, दुरुस्तीच्या वेळी एक चेंडू सापडला. आत डुकराचा फुगा, वर शिवलेलं चामडं, साधारण १५४० चा, म्हणजे लहानगी मेरी इथे आली त्याच्या आसपासचा. जगातला शिल्लक असलेला सगळ्यात जुना फुटबॉल म्हणतात त्याला. कोणी लाथ मारली, कोणाचा ओरडा खाल्ला, काही पत्ता नाही. बघायचा असेल तर किल्ल्यात शोधू नका, तो खाली गावातल्या स्मिथ म्युझियममध्ये आहे.